पी-६५ केंद्रकात पोचलं, मग आयएल-६ गप्प का?

थोडक्यात तुझी अडचण अशी: मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) दिल्यावर अर्ध्या तासात ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या चाचणीत) केंद्रकाच्या भागात पी-६५ ची पट्टी ठसठशीत येते, टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा आरएनएही चढतो, पण तसंच दुसरं प्रथिन आयएल-६ ढिम्म. गाईड म्हणतात प्रयोग परत कर. ठाण्याहून रोज खारघरला ये-जा करून वर हे ऐकायचं म्हणजे वैताग येणारच. पण मला तुझा निकाल बरोबर वाटतो.

पी-६५ ज्याचा एक घटक आहे ते एनएफ-कप्पा-बी, म्हणजे जनुकं चालू करणारं प्रथिन, १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. पुस्तकातली आकृती ते केंद्रकात शिरलं की संपते, म्हणून पुढे सगळी जनुकं एका झटक्यात चालू होतात असा समज होतो. खरी निवड आत गेल्यावर होते. मॅक्रोफेजमध्ये टीएनएफच्या जागेचं क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) आधीच मोकळं असतं. पी-६५ तिथे बसतं, सीबीपी-पी३०० या मदतनीस प्रथिनांना बोलावतं, हिस्टोनवर (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) अ‍ॅसिटिल गट लागतात, काम सुरू. आयएल-६ ची जागा मात्र न्यूक्लिओसोमनी (हिस्टोनभोवतीच्या डीएनएच्या गुंडाळ्यांनी) अडवलेली. ती मोकळी करायला त्या गुंडाळ्या सरकवणारं स्विच-स्निफ हे प्रथिनांचं संकुल लागतं.

शिवाय आयकप्पाबी-झीटा हे प्रथिन लागतं. आयकप्पाबी कुळातली प्रथिनं सहसा एनएफ-कप्पा-बीला अडवतात, म्हणून नावावरून ते अडवणारं वाटेल, पण हे केंद्रकातच राहतं आणि पी-५० ला (एनएफ-कप्पा-बीच्याच दुसऱ्या घटकाला) धरून आयएल-६ ला उलट चालना देतं. गंमत म्हणजे ते स्वतः एनएफ-कप्पा-बीमुळेच तयार होतं, म्हणजे आधी ते बनणार, मग आयएल-६. जपानी प्रतिकारशास्त्रज्ञ शिझुओ अकिरा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये एलपीएस दिल्यावर आयएल-६ फारसं बनत नाही, टीएनएफ मात्र जवळपास नेहमीसारखंच.

तासाभराने पी-६५ ची पट्टी फिकी झाली तरी घाबरू नकोस. नव्याने बनलेलं आयकप्पाबी-अल्फा (हे मात्र खरंच अडवणारं) केंद्रकात शिरून त्याला डीएनएवरून उचलतं आणि बाहेर नेतं.

आता अर्धा, एक, दोन आणि चार तासांचे नमुने घे, क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायच्या चाचणीत) झीटाचे प्रायमर (त्याचा आरएनए हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) जोड. ब्लॉटवर लॅमिन (केंद्रकाची खूण) आणि ट्युब्युलिन (पेशीद्रवाची खूण) दोन्ही लाव, नाहीतर केंद्रकाच्या भागात पेशीद्रव मिसळल्याची शंका कोणीही काढेल. सायक्लोहेक्सिमाइड (नवी प्रथिनं बनणं थांबवणारं रसायन) वापरणार असशील तर जपून: आयएल-६ थांबेल, पण आयकप्पाबी-अल्फाही नव्याने बनणार नाही, त्यामुळे टीएनएफचा आरएनए उलट जास्त चढलेला दिसू शकतो.