म्युनिकचे तीन सेकंद, एका टायमरच्या नजरेतून

प्रश्न आहे, ‘आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमधला सगळ्यात अविस्मरणीय सामना कोणता? ड्रीम टीम सोडून सांगा.’

ड्रीम टीम, म्हणजे एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूंचा अमेरिकेचा संघ, सोडायला सांगितलीत ते बरं केलंत. १९९२ ला बार्सिलोनात त्यांनी अंगोलाला ११६–४८ असं धुतलं, फायनलला क्रोएशियाला ११७–८५. त्यांचे कोच चक डेली यांना अख्ख्या ऑलिंपिकमध्ये एकदाही टाइम आउट (खेळ थांबवून संघाशी बोलायला घेतलेली छोटी विश्रांती) घ्यावा लागला नाही. बघायला मजा आली, पण त्यातला एक तरी सामना कोणाला शेवटपर्यंत आठवतो का? मला तरी नाही.

मी कुठे बसून बोलतोय ते आधी सांगतो, कारण उत्तर त्याच्यावरच आहे. लहानपण भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. पुढे जळगाव जिल्ह्यातच खेळाचा शिक्षक झालो, आता निवृत्त आहे. उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे बास्केटबॉलमध्ये माझी जागा लवकरच ठरली: टेबल. स्कोअरशीट लिहायची, नाहीतर घड्याळ सांभाळायचं. आमच्याकडचं घड्याळ म्हणजे हातातलं स्टॉपवॉच. वेळ संपली की झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी गज हाणायचा. तो आमचा बझर. मे महिन्याच्या शिबिरात त्या रुळाला हात लागला तर चटका बसायचा.

त्यामुळे माझ्या लेखी सामना एकच, १९७२ चा म्युनिक ऑलिंपिकचा अंतिम सामना. सोव्हिएत युनियन ५१, अमेरिका ५०. हा सामना खेळाडूंइतकाच टेबलावर बसलेल्या माणसांनी गाजवला. दुर्दैवाने.

अमेरिका तोवर ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा एकही सामना हरली नव्हती. ६३ सामने, ६३ विजय, १९३६ पासून ओळीने सात सुवर्णपदकं. अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी हा सामना म्युनिकमध्ये रात्री पावणेबाराला सुरू झाला, म्हणजे ९ सप्टेंबरला सुरू होऊन १० तारखेला संपला. चारच दिवस आधी क्रीडाग्रामात इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला होता, त्यामुळे सगळं वेळापत्रक पुढे ढकललेलं. सोव्हिएत संघ जवळजवळ पूर्ण वेळ पुढे होता. अमेरिकेचे म्हातारे कोच हँक आयबा यांनी पोरांना संथ खेळायला लावलं होतं, आणि शेवटच्या काही मिनिटांत पोरांनी ते झुगारून धावायला सुरुवात केली तेव्हा कुठे अंतर कमी झालं.

सोव्हिएत ४९, अमेरिका ४८. अमेरिकेच्या डग कॉलिन्सने पास मधेच उचलला आणि रिंगकडे सुटला. त्याला असा फाऊल बसला की तो बोर्डाच्या खांबाखाली जाऊन आदळला. घड्याळात तीन सेकंद. उठला, दोन फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, कोणी न अडवता मारायचे थ्रो), दोन्ही आत. ५०–४९. सामन्यात अमेरिका पहिल्यांदा पुढे.

आता माझा विषय. दुसरा फ्री थ्रो हातातून सुटायच्या बेतात असताना टेबलावरून हॉर्न वाजला. का वाजला? त्या वेळी कोचजवळ एक बटण असायचं, ते दाबलं की टेबलावर लाल दिवा लागायचा: टाइम आउट हवाय. सोव्हिएत कोच कोन्द्राशिन यांचं म्हणणं, मी फ्री थ्रोच्या आधीच मागितला होता आणि दोन थ्रोच्या मधे हवा होता. टेबलाने तो दिला नाही, आणि चूक लक्षात आली तेव्हा थ्रो चालू झाला होता. दुसरा थ्रो आत गेल्यावर टाइम आउट देता येत नव्हता. रेफ्रींनी हॉर्नकडे लक्ष दिलं नाही, सोव्हिएतनी चेंडू आत टाकला, त्यांचे लोक टेबलाकडे धावले, गोंधळ बघून एक सेकंद उरला असताना खेळ थांबवला.

इथे एक गृहस्थ उतरले: आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स. हाताची तीन बोटं वर करून म्हणाले, तीन सेकंद परत लावा. चालू सामन्यात असा हुकूम सोडायचा अधिकार नियमाने त्यांना नव्हता. पण महासंघाचा सर्वोच्च माणूस समोर उभा राहिल्यावर टेबलावरचा माणूस काय करणार? मला तालुक्याचा सभापती समोर उभा राहिला तरी घाम फुटायचा.

मग दुसरी चूक, आणि ही मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. घड्याळ मागे फिरवायचं काम चालूच होतं, फळ्यावर पन्नास सेकंद दिसत होते, आणि रेफ्रीने चेंडू खेळाडूच्या हातात दिलासुद्धा. टेबलाने अंगठा वर केल्याशिवाय चेंडू द्यायचा नसतो, हे आम्ही सातवीतल्या पोरांनाही शिकवायचो. पास फुकट गेला, हॉर्न वाजला, अमेरिकेची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, प्रेक्षक कोर्टवर आले. आणि पुन्हा सगळ्यांना हटवलं. घड्याळ लागलं नव्हतं, परत खेळा.

तिसऱ्या वेळी इव्हान एदेश्कोने या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब पास फेकला. अलेक्सांद्र बेलोव्ह दोन अमेरिकनांच्या मधे उडाला, चेंडू घेतला, एक जण पडला, दुसरा तोल जाऊन बाहेर गेला आणि हा एकटाच रिंगखाली. ले-अप. ५१–५०.

अमेरिकेने तक्रार केली. पाच जणांच्या समितीने ३–२ ने फेटाळली. क्यूबा, पोलंड, हंगेरी एका बाजूला, इटली आणि पोर्टो रिको दुसऱ्या. शीतयुद्धाचा नकाशाच तो. ब्राझिलचे रेफ्री रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही केली नाही. अमेरिकेच्या बारा जणांनी रौप्यपदकं घेतली नाहीत, आजही घेतलेली नाहीत. केनी डेव्हिसने तर मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझ्या मागे बायकामुलांनीही ते पदक स्वीकारू नये. आणि बेलोव्ह, ज्याने ती बास्केट केली, तो १९७८ मध्ये हृदयविकाराने गेला. वय २६.

त्या वेळी मी लहान होतो, टीव्ही नव्हता, त्या वर्षी आमच्याकडे दुष्काळ होता आणि मोठ्यांच्या तोंडी तोच विषय. ते शेवटचे तीन सेकंद मी बघितले फार उशिरा, मुलाच्या मोबाइलवर. जुनं स्टॉपवॉच हातात घेऊन बसलो होतो. बायको म्हणाली, झालं, आता मोबाइलचेही सेकंद मोजा. माझं मत विचाराल तर टाइम आउट सोव्हिएतचा बुडाला असावा, त्यामुळे तीन सेकंद परत देण्यात थोडा न्याय होता. पण ते सांगायचा हक्क रेफ्रीचा, वरून उतरलेल्या साहेबाचा नाही.

एवढं ठामपणे बोलतोय, पण माझ्या हातूनही असं झालंय.

१९९४ च्या आसपासची गोष्ट. शालेय स्पर्धेचा अंतिम सामना, घड्याळ माझ्याकडे. रावेर तालुक्यातल्या एका शाळेची पोरं एका पॉइंटने पुढे, चार सेकंद बाकी, समोरच्यांचा थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं. थ्रो-इनला घड्याळ कधी सुरू करायचं? आत उभ्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला की. म्हणून टायमरने चेंडूचा प्रवास बघायचा नसतो, घेणाऱ्याचे हात बघायचे. मी चेंडू बघत बसलो. प्रेक्षकांसारखा. पोराने चेंडू घेतला, एक ड्रिबल मारला, तेव्हा अंगठा दाबला. त्याने वळून मारलेला बॉल आत गेला आणि मग रुळावर गज पडला. रावेरच्या पोरांचे सर तावातावाने आले. रेफ्रीने मला विचारलं, ‘वेळ होती ना, सर?’ मी म्हटलं, ‘होती.’ कॅमेरा कोणाकडे होता तेव्हा?

असो. बाकी सामन्यांचं बोलू.

१९८८ ला सेऊलच्या उपांत्य सामन्यात सोव्हिएतनी अमेरिकेला पुन्हा हरवलं, ८२–७६, या वेळी कोणाचीही तक्रार नाही. पुढच्या वर्षी महासंघाने एनबीएच्या खेळाडूंना दार उघडलं, त्यातूनच तुमची ती ड्रीम टीम. पण सेऊलच्या त्या सोव्हिएत संघाचे कणा असलेले चार जण, साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस, खोमिचुस, लिथुआनियाचे होते. चार वर्षांनी लिथुआनिया स्वतंत्र देश म्हणून बार्सिलोनात उतरला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात समोर आला जुन्या सोव्हिएतमधल्या उरलेल्या देशांचा एकत्रित संघ. ८२–७८, लिथुआनिया जिंकला. त्या ऑलिंपिकमधला मला आठवणारा सामना हा.

१९८७ ची पॅन अमेरिकन फायनल सहसा कोणी सांगत नाही. इंडियानापोलिस, म्हणजे अमेरिकेचं घर. मध्यंतराला ब्राझिल चौदा पॉइंटनी मागे. ऑस्कर श्मिटने लांबून मारायला सुरुवात केली, एकूण ४६ पॉइंट, त्यातले ३५ दुसऱ्या डावात. ब्राझिल १२०–११५. याला एनबीएच्या संघाने निवडलं होतं, पण तिकडे गेलो तर देशाकडून खेळता येणार नाही म्हणून गेला नाही.

२००४ ला अथेन्समध्ये अर्जेंटिना आणि सर्बिया-मॉन्टेनेग्रो. दोन वर्षांपूर्वी जागतिक स्पर्धेच्या फायनलला याच लोकांकडून, तेव्हा नाव युगोस्लाव्हिया, अर्जेंटिना जादा वेळेत हरली होती. इथे एका पॉइंटने मागे, चार सेकंदही नाहीत. जिनोबिलीने पडता पडता चेंडू रिंगकडे ढकलला. ८३–८२. पुढे उपांत्य सामन्यात त्यांनी अमेरिकेला ८९–८१ ने हरवलं आणि सुवर्ण घेतलं.

आपलं काही? आहे. २०१४, वूहान, आशिया कप. भारत ६५, चीन ५८, तेही चीनमध्ये जाऊन. चीनचा पहिल्या फळीचा संघ नव्हता हे खरं, पण पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये चीनला आपण पहिल्यांदाच हरवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पेपरात क्रिकेटखाली चार ओळी आल्या होत्या.

आणखी एक, केवळ पावसासाठी. १९३६, बर्लिन, बास्केटबॉलची पहिली ऑलिंपिक फायनल, १४ ऑगस्ट. उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर, धो धो पावसात. चिखलात चेंडू टप्पाच घेईना. अमेरिका १९, कॅनडा ८. खेळाचे जनक नेस्मिथ तिथे हजर होते: जन्म कॅनडाचा, नागरिकत्व अमेरिकेचं. त्याच दिवशी ध्यानचंदांच्या संघाची हॉकी फायनल होती, ती पावसामुळे दुसऱ्या दिवशी गेली आणि आपण जर्मनीला ८–१ ने हरवलं. हॉकीवाल्यांनी मैदान वाळायची वाट पाहिली, बास्केटबॉलवाल्यांनी नाही.

शेवटचा, पॅरिसचा. २०२४, महिलांची फायनल. अमेरिका तीन पॉइंटनी पुढे, फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने अगदी शेवटच्या क्षणी लांबून मारलेला चेंडू बोर्डाला लागून आत. तीन पॉइंट असते तर जादा वेळ. पण तिचा पाय तीन पॉइंटच्या रेषेवर होता. दोनच. ६७–६६.

गेल्या हिवाळ्यात सावद्याकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. बोलावणारा म्हणजे त्या १९९४ च्या हरलेल्या संघातला एक पोरगा, आता केळीच्या व्यापारात आहे, केस पांढरे झालेत. भेटला की म्हणतो, ‘सर, आमचे चार सेकंद बाकी आहेत बरं का.’ मी हसण्यावारी नेतो. त्या दिवशी कळण्याची पुरी हातात घेऊन त्याने मला मोबाइलवर पॅरिसचा हाच शॉट दाखवला, बरोबर पाय रेषेवर असताना थांबवला. म्हणाला, ‘बघा, इथं कॅमेरा होता.’

मी म्हटलं, ‘चार नव्हते रे. दोनच गेले असतील.’

‘म्हणजे गेले ना?’

‘हो,’ म्हटलं. ‘गेले.’