फोटोग्राफर ठरवायच्या आधी एक अख्खं लग्न बघ

प्रिय बाळा,

काल तुझी आई भाजी घेताना भेटली, म्हणाली तारीख पक्की झाली, गंगापूर रोडचं लॉन्स बुक झालं, पैठणीला येवल्याला जायचंय, सगळं मार्गी लागलंय फक्त फोटोग्राफरवरून घरात रोज वाद. तुला एक आवडलाय, जावईबापूंना दुसरा, आणि बाबांचं म्हणणं की एवढे पैसे कशाला घालायचे, आजकाल मोबाईलमधे मस्त फोटो येतात. आणि मग रात्री तुझा मेसेज, इन्स्टाच्या चार लिंक आणि खाली "मावशी यातला कोणता घेऊ". चारही बघितले गं. चारही छान आहेत. पण त्यावरून मला नाव सांगता येणार नाही, आणि का नाही येणार ते मेसेजमधे मावणारं नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय, निवांत वाच.

तुला माहितीये मी मेनरोडच्या मागे एका कलर लॅबमधे २४ वर्षं काढली. आधी रोल धुणं आणि प्रिंट काढणं, मग डिजिटल आल्यावर अल्बम डिझाईन. नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवला, सगळीकडच्या फोटोग्राफरांची लग्नं माझ्या स्क्रीनवरून गेलीत आणि अख्खी गेलीत, म्हणजे जे फोटो ते कुणालाच दाखवत नाहीत ते पण. एका लग्नात आरामात तीन-चार हजार फोटो निघतात, त्यातले दहा इन्स्टावर जातात. दहा चांगले फोटो कुणाचेही निघतात गं, संध्याकाळचा मऊ उजेड असला, नवरी मुळातच सुंदर असली, मागे धरणाचं पाणी असलं की झालं. खरा माणूस कळतो तो उरलेल्या तीन हजारात. म्हणून चौघांनाही एकच गोष्ट माग, एखादं अख्खं लग्न दाखवा, हळदीपासून पाठवणीपर्यंत, जसं त्या घरच्यांना दिलं तसं, आणि शक्यतो नाशिकच्या लॉन्सवरचं, संध्याकाळच्या मुहूर्ताचं, कारण तुझंही तेच आहे. जो दाखवेल त्याच्याशी पुढे बोल. जो नुसताच टीझर पाठवत राहील त्याला सोडून दे, कितीही फॉलोअर असू देत.

आता अख्खं लग्न हातात आलं की काय बघायचं ते सांगते.

नवरा-नवरीचे फोटो पटापट पुढे सरकव. ते चांगलेच असतील. तू बघ म्हाताऱ्या माणसांचे किती फोटो आहेत. पंगतीत वाढणारे, रुखवत मांडणाऱ्या मावश्या, मुलीच्या बापाचा चेहरा, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली आजी. हे का म्हणतेय, तर लॅबमधे दर आठवड्याला कुणीतरी जुना अल्बम कापडात गुंडाळून घेऊन यायचं. काय हवंय म्हटलं की एखाद्या ग्रुप फोटोवर बोट ठेवायचं, मागच्या रांगेतला अर्धा चेहरा, "हे आमचे वडील, याचा मोठा करून देता का, हार घालायला चांगला फोटोच नाहीये". अर्ध्या इंचाचा चेहरा, त्यावर कुणाच्या तरी फेट्याची सावली, डोळे मिटलेले. मी तासन् तास बसून ते चेहरे नीट करायचे आणि तरी ते वडील त्यांचे वडील दिसायचे नाहीत. २४ वर्षांत नवरा-नवरीची पोझ मोठी करून न्यायला आलेली माणसं मी हाताच्या बोटांवर मोजेन. म्हणून जो फोटोग्राफर अख्ख्या लग्नात नवरीच्या मेकअपमागेच फिरलाय, त्याचे फोटो कितीही देखणे असले तरी तुझ्यासाठी नाही. तुझी आजी ८३ ची आहे. कळलं ना मला काय म्हणायचंय.

दुसरं रंग बघ. सध्या सगळ्या फोटोंना एक तपकिरी, उदासवाणा रंग मारायची फॅशन आलीये, एकच प्रीसेट, म्हणजे रंगाचं तयार सेटिंग, सगळ्या अल्बमला. मोबाईलवर छान दिसतं पण मोरपंखी पैठणी त्यात राखाडी होते आणि हळद मातीसारखी दिसते. येवल्याला जाऊन, चार दुकानं पालथी घालून जो रंग तू निवडशील तो फोटोत तसाच यायला हवा. जरीचा काठ बघ, त्यातली नक्षी दिसतेय की नुसता पांढरा चमकता पट्टा झालाय. आणि स्टेजवरचे चेहरे बघ. लॉन्सवर डेकोरेशनवाले जांभळे-निळे एलईडी लावतात, त्यात माणसं आजारी दिसतात, चांगला फोटोग्राफर आधी येऊन जागा बघून जातो आणि डेकोरेशनवाल्याला सांगतो की दादा स्टेजवर समोरून साधा पिवळसर उजेड ठेवा, रंगीत लाईट मागे न्या. हा प्रश्न विचारच, "तुम्ही लॉन्स आधी बघायला येणार का, दुपारी नाही, संध्याकाळी".

तिसरं अंतरपाट. याच्यावर मी अडून बसते आणि बसणारच. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन सगळं तासन् तास चालतं, एक क्षण हुकला तर दुसरा मिळतो. अंतरपाट खाली येतो आणि तुम्ही एकमेकांकडे बघता ते दोन सेकंद असतात, लगेच अक्षता, वाजंत्री, हार, गर्दी. ज्याला आपली लग्नं माहीत आहेत त्याला गुरुजींनी "तदेव लग्नं" सुरू केलं की कळतं आता आलं, तो जागेवर तयार असतो. ज्याला माहीत नाही तो तेव्हा लेन्स बदलत असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि या क्षणाला दोन माणसं लागतातच, एक तुझ्या चेहऱ्यावर एक त्याच्या, एका माणसाने दोन्ही बाजू होत नाहीत. अख्ख्या लग्नाच्या फोटोत हा भाग शोध, दोघांचेही चेहरे समोरून मिळालेत का बघ. गौरीहारापाशी बसलेली नवरी, मामा हात धरून आणतोय, सप्तपदी, कानपिळी, हे सगळं आहे का की थेट अक्षतांवरून स्टेजवरच्या रांगेवर उडी मारलीये, तेही बघ.

तुला कधी सांगितलं नाही, माझ्या लग्नाचा अंतरपाटाचा फोटो नाहीये. तेव्हा रोलचे कॅमेरे, एका रोलमधे ३६ फोटो. फोटोग्राफरने मंगलाष्टकांच्या आधी घाईत नवीन रोल घातला, तो आत दात्यावर नीट बसलाच नाही, कॅमेरा आकडा पुढे ढकलत राहिला, फ्लॅश पडत राहिला आणि रोल जागच्या जागी. धुतल्यावर कोरा. त्या ३६ मधे माझे आजोबा होते, मांडवात काठी टेकून उभे, ते त्याच पावसाळ्यात गेले. त्या माणसाला मी दोष देत नाही, तो बिचारा रडवेला होऊन घरी आला होता. पण त्यानंतर लॅबमधे लागले तेव्हा मी ठरवलं की हे काम समजून घ्यायचं, आणि म्हणूनच तुझ्या एका मेसेजला एवढं लांबलचक उत्तर लिहितेय.

आता रोल नाहीत, मेमरी कार्डं आहेत, पण हरवायचं ते हरवतंच. एका फोटोग्राफरची हार्डडिस्क टेबलावरून पडली आणि एका घरातली पूर्ण हळद गेली, मी त्या मुलीच्या आईला लॅबमधे बसलेलं बघितलंय. म्हणून स्पष्ट विचार, लाजू नको. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकाच वेळी लिहितात का. त्याच रात्री किती ठिकाणी कॉपी करता. कार्ड पुसता कधी. चांगला माणूस या प्रश्नाने खूश होतो आणि भडाभडा सांगायला लागतो, दोन कार्डं, रात्रीच लॅपटॉपवर, एक कॉपी दुसऱ्या घरी, अल्बम हातात पडेपर्यंत काही पुसत नाही. जो म्हणेल "ताई टेन्शन नका घेऊ, आजवर काही झालं नाही" त्याच्यापासून लांब राहा. आणि तुझी स्वतःची एक हार्डडिस्क त्याला दे, लिंकवर विसंबू नको, लिंका बंद पडतात. व्हॉट्सॅपवर आलेले फोटो म्हणजे तुझी कॉपी नव्हे, ते दाबून लहान झालेले असतात, मोठी प्रिंट काढायला गेलीस की फाटतात, म्हणजे चौकोन-चौकोन दिसतात.

आणि येणार कोण ते विचार. हे सगळ्यात जास्त फसवणुकीचं आहे. तुळशीचं लग्न झालं की एकेका मोठ्या मुहूर्ताला शहरात कितीतरी लग्नं असतात, एकाच स्टुडिओने तीन घेतलेली असतात, तुझ्याशी गोड बोलणारा मालक तिसरीकडेच असतो आणि तुझ्याकडे फ्रीलान्सर पोरं येतात ज्यांना तुझी आई कोण नि सासू कोण माहीत नसतं. फ्रीलान्सर वाईट असतात असं नाही हं, काही तर मालकापेक्षा सरस असतात, पण मग तुला काम त्यांचं दाखवायला हवं. ज्याच्या हातात कॅमेरा असणार त्याचं नाव कागदावर घे आणि त्याला एकदा समोर भेट. भेटलीस की बघ तो तुझ्या बाबांशी कसा बोलतो. लग्नाच्या दिवशी हा माणूस तुझ्या खोलीत, तुझ्या आईच्या रडण्यात, गुरुजींच्या आणि होमाच्या मधे असणार आहे. आरडाओरडा करणारा, "आजी जरा बाजूला व्हा" म्हणणारा असेल तर फोटो येतीलही चांगले पण दिवस खराब होईल.

पैशांचं. तुला आलेलं १ लाख ८० हजारचं कोटेशन मी वाचलं, त्यात कॅमेऱ्याची क्रेन आहे, ड्रोन आहे, प्री-वेडिंग आहे, पण माणसं किती आणि तास किती ते कुठेच नाही. माझं म्हणणं क्रेन काढून टाक. ड्रोनही काढलास तरी काही अडत नाही, आणि ठेवायचाच असेल तर परवानगीचं त्याला विचार, २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरवा, पिवळा, लाल असे झोन आहेत आणि आपल्याकडे एका अंगाला ओझरचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला देवळालीचा लष्करी भाग, तुमचं लॉन्स कुठल्या झोनमधे येतं ते डिजिटल स्काय या सरकारी वेबसाईटच्या नकाशावर बघून सांगणं त्याचं काम आहे. वाचलेल्या पैशात एक फोटोग्राफर वाढव, तो फक्त घरच्या माणसांसाठी. प्री-वेडिंगचं तुमचं तुम्ही ठरवा, गोदाघाटावर सकाळी लवकर उजेड फार सुंदर असतो एवढंच म्हणेन. त्यातही एक फायदा आहे, तो माणूस कसा काम करतो ते लग्नाआधी कळतं.

कोटेशनमधे १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही बघ, नाहीतर शेवटी वाढीव आकडा येतो. सगळे पैसे आधी देऊ नको, शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर. आणि एक कागद करा, साधा दोन पानी चालेल, त्यात तारीख, वेळ, माणसं, किती फोटो एडिट करून देणार, बाकीचे पूर्ण साईजमधे देणार का, किती दिवसांत. तो जो छापील ॲग्रीमेंट देईल ते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे, त्याच्या १७ व्या कलमात असं आहे की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, पण वेगळा करार केला नसेल तरच. आणि बरेच जण बारीक अक्षरात तोच वेगळा करार करून घेतात, म्हणजे तुझ्या हळदीचे फोटो उद्या त्यांच्या जाहिरातीत. काही लोकांना चालतं, तुला चालणार आहे का ते तू ठरव, आणि लहान मुलांचे फोटो न विचारता टाकायचे नाहीत एवढं तरी लिहून घे.

अल्बमचं माझ्यावर सोड. फक्त शीट म्हणजे काय ते पक्कं विचार, एका शीटची दोन पानं होतात, ४० म्हटलं की ४० पानं की ४० शीट यावरून लॅबमधे भांडणं झालेली मी सोडवलीत. आणि फोटो निवडायला तुम्ही सहा महिने लावाल, सगळेच लावतात, पण लावू नका. लग्नाच्या नोंदणीला विधीचा फोटो आणि पत्रिका लागते, तेव्हा चार-पाच फोटो त्याच आठवड्यात मागून घे.

अजून एक काम तुझ्याकडचं, ते फोटोग्राफर करू शकत नाही. दोन्हीकडच्या माणसांची यादी कर, कुणाकुणाचा फोटो पाहिजेच, आणि तुझ्या मामेभावाला त्या दिवशी फोटोग्राफरसोबत ठेव, त्याला सगळे चेहरे माहीत आहेत. यादीत पहिली आजी. संध्याकाळी सातनंतर तिला बसवत नाही, तिचा फोटो गोरज मुहूर्ताच्या आधी, उजेड असताना काढून घे, एकटीचा एक, तुझ्याबरोबर एक, आणि एक तिला न सांगता.

रविवारी ये. तोवर चौघांकडे अख्खं लग्न मागून ठेव, लॅपटॉप आण, जेवून बसू आणि बघू. जावईबापूंनाही घेऊन ये, त्यांना कोणता आवडलाय आणि का ते मला त्यांच्याकडून ऐकायचंय.

तुझी,
मावशी