कुठलं फ्रेमवर्क शिकू विचारलंस म्हणून

अरे, तुझा मेसेज वाचला. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट अशी जावास्क्रिप्टच्या चार फ्रेमवर्कची (वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे) नावं टाकून "ह्यातलं कुठलं?" एवढंच विचारलंयस, पण बनवायचंय काय ते कुठेच नाही.

म्हणजे बघ, काकाच्या तारकर्लीच्या होमस्टेची साइट असेल, चार खोल्या, फोटो, रेट, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, तर फ्रेमवर्क नकोच, साधं एचटीएमएल-सीएसएस पुरे. गिऱ्हाईक घाट उतरता उतरता फोनवर साइट उघडणार, रेंज एक दांडी, आणि तू त्याला आधी ढीगभर जावास्क्रिप्ट उतरवायला लावणार? पण देवगडच्या बागायतदारांसाठी हापूसच्या पेट्यांचं बुकिंग करायचं असेल, कुणाच्या किती शिल्लक, कुठल्या गाडीत चढल्या, पैसे आले का, एक आकडा बदलला की स्क्रीनवर सगळीकडे बदलायला हवा, तर मात्र घे फ्रेमवर्क, कारण ह्या सगळ्यांचं मूळ काम तेच आहे.

पुण्या-मुंबईत नोकरी बघायची असेल तर रिअ‍ॅक्ट, वाद नको. २०१३ पासून आहे, जॉब जास्त, अडलास तर सांगणारे पण जास्त. मला स्वतःला व्ह्यू आवडतं, पण माझ्या आवडीवर तुझं पोट थोडंच भरणारे.

आणि एक, जुन्या कोडचं ही मंडळी काय करतात ते बघून घे, हे कोणी बघत नाही. अँग्युलरजेएस, म्हणजे जुनं अँग्युलर, २०१० चं, २०१६ ला अँग्युलर २ आलं ते जवळजवळ नवीनच, लोकांना अख्खी प्रोजेक्ट परत लिहावी लागली, आणि जुन्याचा सपोर्ट २०२१ संपता संपता बंद. उलट रिअ‍ॅक्टने २०१९ ला हुक्स, म्हणजे कंपोनंट (स्क्रीनचे तुकडे) लिहायची नवी पद्धत, आणली तरी जुने क्लासवाले कंपोनंट अजून चालतात. असल्या गोष्टी मायग्रेशन गाइडमध्ये (जुन्यावरून नव्यावर कसं जायचं त्याची माहिती) कळतात, यूट्यूबवर नाही.

यूट्यूबवरून आठवलं, व्हिडिओत क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप (नवं प्रोजेक्ट सुरू करून देणारं साधन) दिसलं की तो व्हिडिओ जुना समज, ते २०२५ ला अधिकृतपणे बाद झालं, त्याच कामाला तू व्हीट वापर. पॅकेजेस (लागणारा तयार कोड) एकदा उतरवून ठेवलीस की पावसात नेट गेलं तरी लॅपटॉपवर काम चालू राहतं. रिअ‍ॅक्टच्या साइटवर फुली-गोळ्याचं ट्युटोरियल आहे, ते कर, मग टॅब बंद करून न बघता परत लिही. जावास्क्रिप्टमधलेच मॅप, फिल्टर, प्रॉमिस येत नसतील तर आधी तेच, नाहीतर जावास्क्रिप्टचा राग फ्रेमवर्कवर काढशील.

पेट्यांचंच घे. आंबा उतरायच्या आत एका बागायतदाराच्या फोनवर चालू दे, कोड गिटहबवर टाक आणि लिंक पाठव, रविवारी बसून बघतो.