एकाच दिवशी घरातल्या तिन्ही गाड्या बंद पडल्या. अशा दिवशी कृतज्ञता आणायची कुठून?

तुम्ही लिहिलंय त्यावरून दिवस असा गेला: सकाळी बेळगावच्या शहापुरात बाबांची स्कूटर सुरू होईना. मग महिनाभर उभी असलेली कार काढायला गेलात तर तिची बॅटरी उतरलेली. संध्याकाळी गोव्याहून परतताना दादाची गाडी चोर्ला घाटाच्या चढणीला तापली, रेंज नव्हती, एका टेम्पोवाल्याने पुढे कणकुंबी गावात निरोप पोचवला. घरात सगळे एकमेकांवर तडकलेले, आणि आई म्हणतात, देवाचे आभार माना.

माना की, पण आधी बॉनेट उघडा. नेमकं काय बिघडलं हे कळल्याशिवाय काय वाचलं हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय मानलेले आभार म्हणजे दातओठ खात केलेला जप. ऐन गोंधळात कुणाकडून कृतज्ञतेची अपेक्षाच करू नका. भुकेल्या माणसाला आधी चहा-चिरमुरे द्या.

तीन गाड्या एका दिवशी गेल्या की 'नजर लागली' म्हणणारं घरात कुणीतरी असतंच. स्कूटर आणि कारपुरतं तरी कारण साधं आहे: रोजची गाडी अडली, म्हणून न वापरलेली बाहेर काढली. उभ्या कारमध्येही अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉक थोडाथोडा करंट खातच असतात. बॅटरी तीन-चार वर्षांची झालेली असली तर महिनाभरात झोपते. 'लाइट कुणी चालू ठेवली' हे भांडण तिथेच मिटवा. मल्टिमीटर लावा: बंद गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्प केबलने सुरू केल्यावर 13.8 ते 14.4 दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, ठीक आहे, म्हणजे मोठा खर्च टळला. केबल लावताना लाल दोन्हीकडे प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ पडता कामा नये.

बाबा स्कूटर ढकलत राहिले असतील तर ते श्रम फुकट गेले. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच इंजिनाच्या वेगावर लागतो, ती ढकलून सुरू होत नाही. साइड स्टँड वर आहे का आणि ब्रेक लिव्हर दाबलंय का, एवढं आधी बघा. बऱ्याच नव्या स्कूटरांत त्याशिवाय सेल्फ लागतच नाही. गाडी बीएस-सिक्स (2020 पासूनच्या प्रदूषण नियमांची) असेल तर चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर बॅटरी किंवा फ्यूज बघा, कारण बॅटरी पार मेली असेल तर किकही उपयोगी पडत नाही. पावसाळ्यात मात्र बहुतेकदा प्लगची कॅप ओली झालेली असते. काढून कोरड्या फडक्याने पुसली की काम होतं.

खरा विचार घाटातल्या गाडीचा करा. सपाट रस्त्यावर समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो, त्यामुळे फॅनचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) किंवा फ्यूज गेलेला असला तरी पत्ता लागत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, ट्रकच्या मागे चढताना वारा नसतो आणि सगळी भिस्त फॅनवर येते. म्हणून दोष नेमका घाटात उघडा पडतो. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, आणि जागा मिळेल तिथे बाजूला. वाफ दिसली तर इंजिन ताबडतोब बंद. रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, झाकण फिरवताक्षणी तोंडावर उसळतं. तापलेल्या रिकाम्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

दादा थांबला, म्हणून प्रकरण फॅनचा रिले, एखादा होज पाइप आणि कूलंट एवढ्यावर आटोपण्याची शक्यता चांगली आहे. 'कणकुंबी गाठू, मग बघू' म्हणत दामटली असती तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं, गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये. घरातल्या सगळ्यांनी आज त्याला बोल लावलेत ना? खरं तर आभार त्याचेच मानायचे. आणि मोघम नकोत, 'काटा बघून थांबलास ते बरं केलंस' अशा शब्दांत.

बाकीचे आभार हातापायांनी फेडा. केबल घेऊन आलेल्या शेजाऱ्याची बॅटरी तुमच्यासाठी राबली, उद्या त्याच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन द्या. घाटात आलेल्या मेकॅनिकशी येण्या-जाण्याच्या पैशांत घासाघीस करू नका, आणि दोन दिवसांनी 'गाडी ठीक चाललीय' असा फोन करा. गिऱ्हाइकाचा फोन त्याला तक्रारीसाठीच येतो. पाव किलो कुंदा नेलात तर उत्तमच. टेम्पोवाला परत भेटणार नाही, पण घाटात कुणी बॉनेट उघडून उभा दिसला की त्याचं देणं फेडता येतं. डिकीत पाच लिटर पाणी, जम्प केबल आणि दोन-तीन फ्यूज असू द्या.

खंडेनवमीला गाडीला हार घालतो, त्याच दिवशी बॅटरीची तारीख, कूलंटची पातळी आणि एसी लावल्यावर फॅन फिरतो का, तेही बघून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर 1033 ला फोन लावा.

आणि दादाला एक विचारा: चाकामागे लावलेला दगड निघताना उचलून बाजूला टाकला का? घाटात बरेच जण तो तसाच सोडून जातात, आणि अंधारात मागून दुचाकीवाला येत असतो.