केऑटिक न्यूट्रल कॅरेक्टरने अनोळखी लोकांसाठी जीव धोक्यात घातला, तर त्याचं अलाइनमेंट 'गुड' करावं लागतं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या एडिशनमध्ये तुम्ही एक चोर खेळताय आणि कॅरेक्टरच्या शीटवर अलाइनमेंट, म्हणजे त्याचा नैतिक कल, केऑटिक न्यूट्रल (मनमानी वागणारा, ना भला ना दुष्ट) असं लिहिलंय. गेल्या सेशनमध्ये पेटलेल्या कोठारात अडकलेल्या गावकऱ्यांना सोडवायला तो एकटाच आत शिरला आणि कसाबसा वाचला. आता डीएमचं (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचं) म्हणणं असं, की इतका निःस्वार्थी माणूस न्यूट्रल असूच शकत नाही, तेव्हा अलाइनमेंट बदला. तुम्हाला ते मान्य नाही.

मी तुमच्या बाजूने आहे. तरी डीएमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'केऑटिक' या शब्दाचा इथे काही संबंध नाही, ते आधी बाजूला ठेवू. १९७४ च्या मूळ खेळात लॉ (शिस्त), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा) एवढे तीनच पक्ष होते. खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी १९७६ मध्ये एक लेख लिहून त्याला गुड आणि ईव्हिलचा दुसरा अक्ष जोडला, आणि १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये दोन्ही अक्ष मिळून आजचे नऊ खाने आले. तुमचा चोर कायदा, शब्द, शिस्त यांना किती किंमत देतो हे पहिला अक्ष सांगतो. दुसऱ्यासाठी तो काय सोसतो हा सगळा दुसऱ्या अक्षाचा प्रश्न.

या दुसऱ्या अक्षावर मला सगळ्यात स्पष्ट मांडणी वाटते ती २००० सालच्या तिसऱ्या एडिशनची. तिच्या मते गुड माणसं दुसऱ्यांच्या मदतीसाठी स्वतः त्याग करतात. न्यूट्रल माणूस निरपराध्याला मारायला कचरतो, पण परक्यासाठी झीज सोसायला बांधील नसतो. त्याची बांधिलकी ओळखीच्या, नात्याच्या माणसांशी असते. म्हणजे न्यूट्रल माणूस भावासाठी, जोडीदारासाठी हसत हसत मरेल आणि तरीही न्यूट्रलच राहील. त्याग केला की नाही, यावर निकाल लागत नाही. तो कोणासाठी केला, त्याचं 'आपलं माणूस' हे वर्तुळ कुठे संपतं, यावर लागतो.

डीएमचा मुद्दा वजनदार आहे तो इथेच. कोठारातले लोक तुमच्या चोराचे कोणी नव्हते. त्यामुळे खरा प्रश्न हा, की तो आत का शिरला? तिथे पार्टीतलं, म्हणजे त्याच्या सोबत्यांपैकी, कोणी अडकलं होतं का? आग त्याच्यामुळे लागली होती का? लहानपणी तोही कुठल्या आगीत सापडला होता का? की खरंच काही कारण नसताना, ओरडणं ऐकवलं नाही म्हणून गेला? यातलं शेवटचं उत्तर असेल, तर तो गुडच्या दिशेने निघालाय असं मी म्हणेन. निघालाय, पोचला नाही. एका रात्रीची उडी म्हणजे स्वभाव नव्हे, आणि अलाइनमेंट हे स्वभावाचं नाव आहे.

आता 'निःस्वार्थी म्हणजे गुड' या समीकरणाबद्दल. हे मला अजिबात मान्य नाही आणि यावर मी टेबलावर हिरिरीने भांडतो. एक लॉफुल ईव्हिल (शिस्तीचा पण दुष्ट) सरदार डोळ्यांसमोर आणा. त्याला जहागीर नको, सोनं नको, नाव नको. जुलमी राजाचा किल्ला पडू नये म्हणून तो एकटा दरवाजा अडवून उभा राहतो आणि तिथेच मरतो. स्वार्थ शोधून सापडणार नाही. पण त्याने दरवाजा धरला म्हणून आतले गुलाम गुलामच राहिले. माझ्या लेखी खेळातला सगळ्यात भीतिदायक खलनायक हाच, कारण त्याला लाच देता येत नाही. तेव्हा त्यागातून कोणाचं भलं झालं, समोरच्याला माणूस म्हणून मोजलं का, हे पाहिल्याशिवाय निःस्वार्थीपणाला गुडचा शिक्का मारू नये. उलट गावाला वाचवून ठरलेले पैसे घेणारा पॅलाडिन (धर्मयोद्धा) मला पूर्ण गुड वाटतो. पहिल्या 'अॅडव्हान्स्ड' एडिशनमध्ये तर पॅलाडिनला मिळकतीचा दहावा हिस्सा दान करावा लागे आणि जादूच्या वस्तू दहाच्या वर ठेवता येत नसत. त्याने कमवू नये असं कोणी म्हटलं नव्हतं, साठवू नये एवढंच म्हटलं होतं.

अडचण अशी, की बहुतेक खेळ चांगुलपणाची परतफेड करून टाकतात. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट' या कॉम्प्युटर गेममध्ये देवळात दान केलं की प्रतिष्ठा वाढते, आणि प्रतिष्ठा वाढली की दुकानात माल स्वस्त मिळतो. मग खेळाडू दान देतो ते हिशेब करून. याहून कितीतरी शहाणा वाटतो तो १९८५ चा 'अल्टिमा फोर'. त्यात मंत्रांचं सामान विकणारी बाई आंधळी आहे. किती पैसे द्यायचे ते तुम्हीच टाइप करायचे. कमी दिले तरी ती मुकाट्याने सामान देते, कोणी पकडत नाही, पडद्यावर दंडाची पाटी येत नाही. आत कुठेतरी तुमचे सद्गुण घटलेले असतात आणि ते बऱ्याच उशिरा कळतं. ज्या खेळात शेवटी मारायला कोणी महाखलनायक नाही, सगळी धडपड आठ सद्गुण अंगी आणण्याची आहे, तिथे हे फार शोभून दिसतं.

टेबलावर अशी परतफेड होऊ न देण्याचं काम डीएमचं. आमच्या कॅम्पेनमध्ये एक भाडोत्री फायटर होता, पक्का न्यूट्रल. त्याच्याकडे आगीचं नुकसान निम्मं करणारी अंगठी होती. गॉब्लिनांच्या म्होरक्याने एका कैदी मुलीच्या बदल्यात तीच मागितली. लढून तिला सोडवणं त्या क्षणी शक्य नव्हतं आणि मुलगी कोण, कुठली, हे कोणालाच माहीत नव्हतं. फायटरने अंगठी काढून दिली. पुढे एका तरुण लाल ड्रॅगनशी गाठ पडली. त्याच्या श्वासाचे सहा बाजूंचे १६ फासे, सरासरी ५६ चं नुकसान. फायटरचा सेव्ह (नुकसान कमी करायला टाकलेला फासा) हुकला, हिट पॉइंट शून्यावर आले आणि तो कोसळला. अंगठी बोटात असती तर उभा राहिला असता. क्लेरिकने (बरं करणाऱ्या पुरोहिताने) त्याला उठवलं, पण आमच्या डीएमने ती अंगठी परत आणली नाही, तिच्या जागी दुसरी दिली नाही, आणि ती मुलगी पुढे कुठली राजकन्याही निघाली नाही. या डीएमबद्दल मला आजही आदर आहे. त्याग केलेली वस्तू दोन सेशनमध्ये व्याजासकट परत मिळायला लागली, तर त्याला त्याग कोण म्हणेल?

त्या फायटरचं अलाइनमेंट लगेच बदललं नाही. पुढे तो परक्यांसाठी पुन्हा पुन्हा नुकसान सोसत गेला, तेव्हा त्या खेळाडूनेच सांगितलं की आता न्यूट्रल खोडूया. माझ्या मते क्रम असाच हवा.

तुमच्याबाबतीत घाई करण्यासारखं काही नाही. गायगॅक्सच्या जुन्या नियमात अलाइनमेंट बदललं की एक लेव्हल जायची, त्यामुळे तो वाद जिवावर यायचा. पाचव्या एडिशनमध्ये अलाइनमेंटवर फारसं काही अवलंबून नाही. पॅलाडिनलासुद्धा लॉफुल गुड असण्याची सक्ती उरलेली नाही. आणि 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०२३ च्या सुधारित आवृत्तीने तर नऊ खाने काढूनच टाकले. कॅरेक्टर काय करण्याचा प्रयत्न करतो आणि काय कधीच करणार नाही, एवढंच तिथे लिहायचं.

तुम्हीही डीएमला तेच सुचवा. केऑटिक न्यूट्रल तूर्त राहू द्या, पण शीटवरचा बाँड (कॅरेक्टर कोणाशी बांधलेला आहे ते) बदला: 'कोठारातून काढलेली माणसं आता माझी जबाबदारी आहेत.' मग डीएमला मोकळेपणाने सांगा, की याची किंमत माझ्याकडून वसूल करा. तिजोरी फोडायची रात्र आणि त्या गावावरचा हल्ला एकाच वेळी आणा. गावाची निवड तो दर वेळी करत गेला, आणि ओळख नसलेल्या पुढच्या गावासाठीही करायला लागला, की अलाइनमेंट बदला. तोवर नको.