सरांच्या दोन निळ्या खुणा

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या त्या मुलीने खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे बघा. अकरा दिवस झाले." व्हॉट्सॲपवर तिचाच मेसेज होता : 'सर, दुसरं प्रकरण मेल केलं आहे, कृपया पाहावे.' पुढे दोन निळ्या खुणा. खाली काही नाही.

पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय, ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) "गाइड उत्तर देत नाहीत, म्हणजे माझं काम टुकार आहे," हे वाक्य मला दरवर्षी कुणी ना कुणी ऐकवतंच. मुकादमाशी हुज्जत घालून कोप्यांमधल्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांमधल्या बायकांशी बोलून आलेली ही मुलगी, पण सरांच्या केबिनबाहेर अर्धा तास उभी राहून परत यायची.

पहिल्या दोन भेटींत मी चुकलेच. हे चिंतेचं प्रकरण समजून श्वासाचे व्यायाम दिले. तिनेही ते मुकाट्याने केले. तिसऱ्या वेळी विचारलं, "पाठवलंस काय, ते दाखव." बासष्ट पानांची फाइल. सोबत एकही प्रश्न नाही.

"सरांनी यात काय बघायचं?"

"काय चुकलं ते सांगतील ना."

शाळेत वही तपासायला द्यायची सवय, दुसरं काय! सर प्रोफेसर, यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे त्यांच्याकडे आठ पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात, आणि होतेही आठ. वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली. तरी अकरा दिवस पोचही न देणं बरं नव्हे, हेही मी तिला सांगितलं. दोष सगळा स्वतःच्या पदरात घ्यायची तिला फार हौस होती.

मग आम्ही एक पान लिहायला बसलो. 'सर, वेळ मिळाल्यास...' ही सुरुवात मी खोडली. तासाभराने खरा प्रश्न कागदावर उतरला : हजेरीपटावर मूल हजर, मुलाखतीत आई सांगते की ते आमच्याबरोबर कारखान्यावर होतं. मग गळती मोजायची कशावरून?

त्याच रात्री सरांचा फोन आला. चाळीस मिनिटं हजेरीपटावर बोलले. त्यानंतर तीन आठवडे पुन्हा शांतता!

आता मात्र संशोधन सल्लागार समितीचा रस्ता उरला होता. दर सत्रात या समितीपुढे प्रगती मांडावी लागते, पण मुलं तिथे फक्त स्लाइड दाखवून येतात. "सरांची तक्रार केल्यासारखं होईल," ती म्हणाली. म्हणून एकच वाक्य घोटून घेतलं : "मला महिन्यातून एक ठरलेली वेळ हवी आहे." बोलताना आवाज कापला म्हणे. समितीतल्या एका मॅडमनी तिथेच सरांना डायरी काढायला लावली.

गाइड घरची कामं सांगत असतील, लगट करत असतील, तर मात्र हे पत्र-बित्र लिहीत बसू नका. लगटीसाठी अंतर्गत तक्रार समिती आहे. गाइड बदलूनही मागता येतो.

गेल्या महिन्यात ती आली होती. सर व्हॉट्सॲपला अजूनही उत्तर देत नाहीत. तिने तिथे लिहिणंच सोडलंय. पहिल्या सोमवारी अकरा वाजता वही घेऊन केबिनमध्ये जाते, आणि ठरलं ते संध्याकाळी मेलवर टाकते.