ओव्हरक्लॉक राहू द्या, आधी कार्ड फेडा

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, वय ३४. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. कॉम्प्युटरमध्ये आय-५ १२४०० प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम आहे. फोर-के फुटेज अडकत चालतं. दुकानदार म्हणतो, प्रोसेसर तोच ठेवू, झेड सिरीजचा मदरबोर्ड, लिक्विड कूलर आणि मोठा पॉवर सप्लाय टाकून ओव्हरक्लॉक करून देतो, वेग ३०-४० टक्के वाढेल. खर्च ४५,०००, कार्डावर १२ महिन्यांचा ईएमआय. २,००० ॲडव्हान्स दिला आहे. कार्डावर आधीचे १,२०,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू कधी चुकवत नाही. ८०,००० ची एफडी आहे, ती मोडायची नाही. बँकेतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी आहे : ६०,००० चे १२ हप्ते, विसाव्या वर्षी साडेचौदा लाख. तिसरा हप्ता गेल्या जूनमध्ये कार्डावरूनच भरला. सिंहस्थात भरपूर कामं येतील, तेव्हा सगळं फिटेल. घरी पत्नी आणि मुलगी आहे. ओव्हरक्लॉक करावं का?

उत्तर : नाही. ॲडव्हान्स परत मागा.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर (त्याची किती पट). तुमच्याकडे १०० मेगाहर्ट्झ गुणिले २५, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ. काम आलं की तो स्वतःच ४.४ पर्यंत चढतो. कंपनीने ती वाढ आधीच देऊन ठेवली आहे. त्यापुढे हाताने चढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलमध्ये त्यासाठी मल्टिप्लायर खुला लागतो आणि तो नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या प्रोसेसरमध्ये असतो. तुमच्या १२४०० ला ‘के’ नाही. झेड मदरबोर्ड लावला तरी ते कुलूप उघडत नाही. बेस क्लॉक वाढवायची एक आडवाट काही मोजक्या बोर्डांवर सापडली होती, पण कामाच्या मशीनवर तिच्या भरवशावर कुणी पैसे घालू नयेत. थोडक्यात, ४५,००० जातील आणि वेग जवळपास तोच राहील. दुकानदाराला हे ठाऊक नसेल तर त्याने हे काम घेऊ नये, आणि ठाऊक असेल तर तुम्ही त्या दुकानात पुन्हा जाऊ नये.

३०-४० टक्क्यांची भाषा जुन्या काळातली आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए खरोखरच ३०० वरून ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा. आता ‘के’ प्रोसेसरवरसुद्धा पाच-आठ टक्के मिळाले तर पुष्कळ. त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग ५ टक्के, व्होल्टेज ८ टक्के वाढवलं की खप आणि उष्णता वीसेक टक्के जास्त. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःहून वेग उतरवतो, म्हणजे कमावलेलं तिथेच गेलं. नुकसान झालं तर वॉरंटी मिळत नाही, आयुष्यही घटतं. व्होल्टेजचा प्रश्न किती नाजूक आहे ते २०२४ मध्ये दिसलं : इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर कारखान्याच्या सेटिंगवरच अस्थिर होऊ लागले आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. हौशी गेमरचा कॉम्प्युटर बंद पडला तर तो पुन्हा सुरू करतो. तुमचं रेंडर डिलिव्हरीच्या आदल्या रात्री बंद पडलं तर गिऱ्हाईक थांबत नाही.

तुमचं फुटेज अडकतं त्याचं कारण बहुधा वेगळं आहे. नव्या कॅमेऱ्यांचं १०-बिट एच.२६५ (घट्ट दाबून साठवलेला व्हिडिओ) उलगडायला इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, कामी येतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स बंद झालंय का ते बघा. एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, पंख्यांतली धूळ काढा, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून एडिट करा. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. तरीही अडलं, तर रॅम ३२ जीबी करा, तीही रोखीने.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रातलं ‘मिनिमम ड्यू कधी चुकवत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण मिनिमम ड्यू म्हणजे बिलातला भरावाच लागणारा किमान भाग, सगळं बिल नव्हे. साडेतीन टक्के महिना धरा : १,२०,००० वर ४,२०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५,०००. तुम्ही समजा ६,००० भरता, त्यातले हजार रुपये मुद्दलात जातात. वर बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. ईएमआय घेतला असता तर त्याचे ४,००० मिनिमम ड्यूमध्येच मिळाले असते.

वर्षाला ६०,००० व्याज, आणि वर्षाला ६०,००० पॉलिसीला. ती पॉलिसी काय देते? ७ लाख २० हजार भरून साडेचौदा लाख, म्हणजे दुप्पट. पण तुमचा पैसा सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की अंदाजे व्याजदर मिळतो : ७२ भागिले १४.५, म्हणजे ५ टक्के. ४२ टक्क्यांनी कर्ज काढून ५ टक्क्यांत पैसे घातलेत! अशा पॉलिसीचं विमाछत्र साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे सहा लाख. मुलीच्या शिक्षणाला आणि घराला ते किती दिवस पुरेल? बँकेच्या काउंटरवर एफडीच्या जागी हे विकणाऱ्यांनी तो हिशेब तुम्हाला दाखवायला हवा होता. त्यांनी तो दाखवला नाही याचा मला राग येतो.

एफडी आजच मोडा. दंड कापला तरी ८०,००० च्या आसपास कार्डावर जातील. उरलेले ४०,००० पॉलिसीवर कर्ज काढून भरा. तीन हप्त्यांनंतर सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम) भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के, म्हणजे ६३,००० धरा. त्यावर तेवढं कर्ज बसतं आणि व्याज कार्डाच्या पाव हिश्शाचं असतं. मिनिमम ड्यूचे ६,००० आणि हप्त्यापोटी महिन्याला पडणारे ५,००० मोकळे झाले की चार महिन्यांत तेही फिटतं. मग त्याच पैशांतून एफडी पुन्हा उभी करा. सिंहस्थाची वाट बघत बसलात तर तिथली कमाई व्याजातच जाईल.

जूनचा हप्ता भरू नका, पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर मुदतीपर्यंत तशीच. सरेंडरचा मोह होईल, पण पेड-अप ठेवून विसाव्या वर्षी तीन-साडेतीन लाख मिळत असतील, तर आजच्या ६३,००० वर ते वर्षाला नऊ-दहा टक्के पडतात. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घ्या. कर्जाचा अर्ज मात्र पॉलिसी चालू असतानाच द्या. ५० लाखांची साधी टर्म पॉलिसी (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) तुमच्या वयाला वर्षाला आठ-दहा हजारांत मिळायला हवी. ती हातात पडेपर्यंत जुनी पेड-अप होऊ देऊ नका, म्हणून टर्मचा अर्ज याच आठवड्यात भरा.